बिब्ब्यानं कवटी जात नाही

नाही, मी काय म्हणतो, मीठ कुठे चोळतात? शाळेत शिकलोय की आपण सगळे! जखमेवर मीठ चोळणे, वाक्यात उपयोग करा. मी केला होता, मार्कही मिळाला होता... पण बाईंनी तेव्हा हे नाही सांगितलं, की गौरांग, बाळा, याचा उपयोग फक्त वाक्यात करायचा, बाथरूममध्ये करायचा नाही! मी केला. बाथरूममध्ये. दुपारी, आई-अण्णा जेवून आडवे झाल्यावर, कडी लावून, नळ सोडून, तोंडात नॅपकिनचा बोळा कोंबून, उजवा हात पुढे आणि डाव्या हातात जाडं मीठ, अर्धं लिंबू आणि भांडी घासायची तारेची घासणी... अहो हसताय काय! घसाघसा घासतोय मी, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हातातून रक्त, बेसिन लालभडक, आणि कवटी? कवटी हसतेय!

हो, कवटीच म्हणालो. सांगतो ना, जरा दम तर घेऊ द्या.

तुम्हाला सांगतो, आमचं घर नाशकात, पंचवटीत, आणि रामकुंडावर आमचं पिढ्यान्‌पिढ्या बसणं. म्हणजे लोक येतात, कुणाचे वडील गेलेले, कुणाची आई, त्यांचं पिंडदान, तर्पण, सगळं आम्ही करवून घेतो. आम्ही म्हणजे अण्णा. माझे वडील, शरच्चंद्र गुरुजी. मी अंबडला कंपनीत, अकाउंट्सला, फुल बाहीच्या शर्टातला माणूस. आता या कामाचा युनिफॉर्म काय? सोवळं आणि खांद्यावर उपरणं. संपला युनिफॉर्म! बाकी सगळं उघडं. दंड उघडा, हात उघडा, मनगट उघडं. आणि माझ्या उजव्या हाताला, मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला, गोंदलेली एक कवटी. साधी नाही हो! गॉगल घातलेली. दातात चिरूट. आणि हसणारी. लग्नानंतर मित्रांची गोव्याला ट्रिप गेली होती आणि बरोबर बंटी होता, यापुढे मला काही विचारू नका.

घरी फक्त बायकोला माहीत. मृण्मयीला. तिनं पहिल्यांदा बघितली तेव्हा ओरडली नाही, रडली नाही, नुसती म्हणाली, "म्हणजे आता रोज सकाळी उठले की मी आधी हिचं तोंड बघायचं?" बस. तेव्हापासून मी आपला फुल बाहीत. मे महिन्यात फुल बाही, घरात फुल बाही, आई म्हणते, "अरे उकडत नाही का तुला?" मी म्हणतो, "एसीची सवय लागलीय ना ऑफिसात, साधी हवा बाधते." काहीही! पण चाललं होतं. खरंच चाललं होतं.

आणि एक दिवस जेवताना अण्णा भाताचा घास हातात धरून थांबले. अण्णा जेवताना कधी बोलत नाहीत. बोलले तर समजायचं, घरात काहीतरी होणार. म्हणाले, "गुडघे संपले रे माझे. खाली बसलो की उठवायला दोन माणसं लागतात. या पितृपक्षापासून तू माझ्या शेजारी बसायचंस. पाणी तू सोडायचंस, मंत्र मी म्हणेन. हळूहळू सगळं तुझ्याकडे." आईनं तिथल्या तिथे उठून देवापुढे साखर ठेवली! "आणि पहिले यजमान," अण्णा म्हणाले, "चांदवडचे रंगनाथराव. त्यांच्या आईचं श्राद्ध. त्यांचे आजोबा तुझ्या पणजोबांकडे यायचे. तुझा हात त्यांच्या पाण्यानं सुरू होऊ दे." हात म्हणाले हो ते! दुसरा कुठलाच अवयव नाही सुचला त्यांना!

आणि खरं सांगू? मला बसायचं होतं. तुम्हाला वाटत असेल, कंपनीतला पोरगा, याला काय त्याचं. नाही हो. लहान असताना मी अण्णांच्या मांडीशी चिकटून बसायचो घाटावर. माणसं यायची तेव्हा चेहरे कसे असायचे आणि जाताना कसे व्हायचे, ते मी बघितलंय. अण्णा काही विशेष करत नाहीत. हळू आवाजात नाव विचारतात, गोत्र विचारतात, हातावर पाणी घालतात, आणि समोरचा माणूस मोकळा होऊन रडतो. मला वाटायचं, आपल्याला हे जमलं पाहिजे. कुणाला बोललो नाही कधी, पण वाटायचं. आणि मी बसलो नाही, तर अण्णांनंतर ही जागा गेली. येणारे दुसरीकडे जातील, त्यांचं कुठे अडतंय!

आता तुम्ही डोळ्यांसमोर आणा. रंगनाथराव बसलेत. मोठा माणूस, कांद्याची चाळ, मिशा, फेटा, आणि डोळे भरलेले. आईचं नाव घेतलंय. भागीबाई. हात पुढे केलाय. आणि त्या हातावर गुरुजींचा हात येतोय पाणी घालायला, पवित्र पाणी, काळे तीळ, दर्भ... आणि त्यावरून गॉगल घालून, चिरूट ओढत, हे दात काढून कवटी हसतेय! सांगा, चपलेनं मारतील की फेट्यानं?

गेलो, आधी शहाण्यासारखा कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "लेझरनं जाईल. मधे मधे खाडा ठेवून यायचं. घाई करायची नाही, वर्ष धरून चाला." वर्ष! मी म्हटलं, डॉक्टर, पितृपक्ष तोंडावर आलाय. ते म्हणाले, "हा टॅटू पितरांनी काढलाय का?" उठलो तिथून.

आणि कुणाकडे गेलो? बंटीकडे! ज्यानं घर जाळलं त्याच्याकडेच पाणी मागायला. द्वारका चौकात त्याचं मोबाइलचं दुकान, बाहेर हॉर्नचा कल्ला, आत हा फोनची काच बदलतोय. म्हणाला, "भाई, टेन्शन कायको लेता है? घरच्या घरी जातो. व्हिडिओ पाठवतो." व्हिडिओत कुणीतरी परदेशी माणूस, दात पांढरेशुभ्र, क्रीम लावतो, टिचकी वाजवतो, टॅटू गायब! मी ऑनलाइन मागवलं. वास असा, की मृण्मयीनं विचारलं, "उंदीर मेलाय का कुठे?" लावलं, आग आग आग झाली, पुसलं. काय गेलं? हातावरचे केस गेले! साफ! आधी निदान केसांत झाकलेली असायची थोडी, आता कवटीची दाढी केल्यासारखी झाली, गुळगुळीत, चकाचक. आणि हसतेय!

मग ते मीठ. ते तर सांगितलंच. तेही बंटीचंच. "भाई, थोडा जलेगा, लेकिन कातडीची वरची परत निघते." निघाली ना! परत निघाली, तिच्या खालची निघाली, मला वाटतं त्याच्या खालचंही काहीतरी निघालं. शाई कुठे असते माहितीये? त्याच्याही खाली! हे मला नंतर दवाखान्यात कळलं. तेव्हा मी आपला चिंधी गुंडाळून, वर फुल बाही चढवून, जेवायला डाव्या हातानं वाढून घेतोय, आणि अण्णा विचारतायत, "उजव्याला काय झालं?" "माऊस धरून धरून अवघडलाय." माऊस! काय काय नाही सांगितलं मी त्या माणसाला, ज्याच्या शेजारी बसून मला खरं बोलायला शिकायचं होतं!

इथे थांबलो असतो ना, तरी वाचलो असतो. आई शप्पथ वाचलो असतो. पण आपल्या लोकांची एक खोड आहे बघा. डॉक्टरची गोळी आणली की आपण आतला कागद उलगडून भिंगानं वाचतो, साइड इफेक्ट काय, किडनीला काय, लिव्हरला काय. आणि आपलं म्हटलं, झाडपाल्याचं म्हटलं, की डोळे मिटून! काही नाही होत! नॅचरल आहे! तसं माझ्या डोक्यात आलं... बिब्बा.

बिब्बा माहितीये ना? काळा, चपटा, सुपारीहून लहान. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, त्यातून काळं तेल सुटतं, पायात काटा मोडला की आज्या त्याचा चटका द्यायच्या. मी म्हटलं, वा! हे कातडी जाळतं. कातडी जळली की शाई जळाली. आपल्या पूर्वजांनी सगळं करून ठेवलंय, आपण उगाच गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघत बसलो! रविवार कारंजाजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणले. दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणाला, "जपून हं, उततो." मी म्हटलं, "माहितीये हो." काय माहीत होतं? घंटा!

आणि एक गोष्ट मला कधी आठवावी? लावून झाल्यावर! अहो, याच बिब्ब्याच्या तेलानं धोबी लोक पूर्वी कपड्यांवर खुणा करायचे! का? तर ती खूण फडका फाटला तरी जात नाही म्हणून! म्हणजे जन्मात न जाणारी खूण करायला जे वापरतात, तेच मी खूण घालवायला फासलं. सोललेल्या कातडीवर! मिठानं सोललेल्या! स्वतःच्या हातानं!

कुठे लावलं ते ऐका. गच्चीवर. निरांजन पेटवून, सुईवर बिब्बा, तेल चर्र चर्र, मी दातओठ खाऊन एकेक थेंब... गॉगलची डावी काच, गॉगलची उजवी काच, चिरूट... आणि खालून जिन्यातून आईचा आवाज. "अगं मृण्मयी, बिब्ब्याचा वास कुठून येतोय गं?" मी टाकीच्या मागे! हातात पेटलेलं निरांजन! आई जिना चढतेय, वास घेत घेत, "कुणी जाळला असेल? आपल्या घरात नाही बाई आणत आपण. गौरांगच्या अंगाला सोसतच नाही. लहान असताना शेजारी नुसता धूर झाला होता, तर पोराचं तोंड एवढं सुजलं होतं, डोळेच उघडेनात. तेव्हापासून मी बिब्बा म्हणून उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही."

मी टाकीच्या मागे उभा. हातावर बिब्बा. नाकात बिब्ब्याचा धूर. आणि हे मला आत्ता कळतंय! बोटं नाकाला लावली होती, डोळा चोळला होता, मान खाजवली होती, आणखी कुठे कुठे काय काय खाजवलं होतं ते इथे सांगण्यासारखं नाही. आई दोन पायऱ्यांवर उभी, मी श्वास रोखून उभा, हात असा पेटलाय की ओरडावंसं वाटतंय, आणि चंद्रप्रकाश नाही, काळोख नाही, भर दुपारचं ऊन, मान वळवली असती तर दिसलोच असतो. नाही वळवली. "शेजारून येत असेल," म्हणाली, गेली. मी टाकीच्या पाण्यात हात घातला खांद्यापर्यंत. हो, पिण्याच्या! काय करू मग? नंतर रिकामी केली, स्वतः घासली टाकी, डाव्या हातानं.

आणि मग तो उतला. बिब्बा उतणं म्हणजे काय, ते ज्याला झालंय त्यालाच विचारावं. पहिल्या दिवशी खाज. दुसऱ्या दिवशी फोड, पाण्यानं भरलेले, हे एवढाले, एकमेकांत मिसळणारे. डोळ्याच्या पापण्या सुजल्या, मानेवर चट्टे, आणि त्या दुसऱ्या जागांचं विचारू नका. अण्णांना काय सांगितलं? "कोळंबीची अ‍ॅलर्जी." पुरोहिताच्या घरात! कोळंबी! तोंडून निघून गेलं! अण्णा वर बघतच राहिले. मी म्हटलं, "म्हणजे... कंपनीच्या डब्यात कुणाच्या तरी... शेजारी बसलो होतो." आई लगेच गोमूत्र आणायला निघाली. आणि त्या सगळ्या सुजेत, फोडांच्या मधे, काळ्या तेलात न्हालेली, आधीपेक्षा दुप्पट मोठी झालेली, फुगलेल्या गालांची... कवटी हसतेय!

आता हसायचं थांबतो मी, तुम्हीही थांबा. कारण मृण्मयीनं ज्या दिवशी चिंधी सोडून बघितलं, त्या दिवशी ती घाबरली. ती घाबरत नाही हो कधी. वास येत होता. हात गरम होता, आणि लाली वर सरकत होती, कोपराकडे. मला ताप होता, मी म्हणत होतो उकडतंय. तिनं बॉलपेन काढलं आणि लाली जिथे संपते तिथे हाताभोवती गोल रेघ मारली. म्हणाली, "ही रेघ ओलांडली की मी कुणाचं ऐकणार नाही. अण्णांचं नाही आणि तुझं तर नाहीच." मी म्हटलं, उद्या रंगनाथराव येतायत. एकच दिवस. पाणी घालून उठतो आणि तुझ्याबरोबर येतो, जिथे नेशील तिथे. ती म्हणाली, "गौरांग, हात आहे तो, उपरणं नाही, दुसरं आणता यायचं नाही." मी ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर अण्णा दिसत होते, शेजारची जागा झाडून, आसन घालून वाट बघणारे.

सकाळी उठलो, आधी रेघ बघितली. लाली रेघेला टेकली होती. टेकली होती, ओलांडली नव्हती! मी म्हटलं, चला, जमतंय. पांढरं बँडेज गुंडाळलं, अण्णांना सांगितलं, "स्वयंपाकघरात वाफेनं भाजलं." सोवळं नेसलो, रामकुंडावर आलो. पितृपक्ष, पाय ठेवायला जागा नाही, पिंडांचा भात, कावळे, गाईवाले, सगळीकडून नावं ऐकू येतायत, गेलेल्या माणसांची नावं. रंगनाथराव आले, बरोबर बायको. आमच्या पायाला हात लावले. म्हणाले, "धाकले गुरुजी बसनार ना आज? लय बरं वाटलं बघा. आईला तुमचं लय कवतिक होतं. एवढंसं पोरगं तीळ मोजत बसायचं, म्हनायची." मला काय झालं काय सांगू. मला वाटलं, हात जळून गेला तरी चालेल, पण हे पाणी मी घालणार.

बसलो. अण्णांचा आवाज सुरू झाला. तांब्यात पळी. मी पळी उचलली. पळी केवढी असते? एवढीशी! मला उचलेना. बोटं सुजून मिटत नव्हती. अण्णा मंत्र म्हणतायत, रंगनाथरावांचा हात पुढे आहे, डोळे मिटलेत, ओठ हलतायत, आणि माझी पळी थरथरतेय, पाणी सांडतंय भलतीकडेच. दरदरून घाम. मी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. आणि धरलं तसं बँडेजमधून काहीतरी सुटलं आणि खाली ओघळलं. पाणी नव्हतं ते. बाहेर येऊन बोटांपर्यंत आलं, पळीच्या दांड्यावर आलं, आणि आणखी एका क्षणात भागीबाईंच्या पाण्यात पडणार होतं...

अण्णांनी माझं मनगट पकडलं. मंत्र थांबला. मी जन्मात त्यांचा मंत्र मधे थांबलेला ऐकला नव्हता. हळूच म्हणाले, "रक्त येतंय अंगातून. ऊठ." मी म्हटलं, अण्णा, एवढं एक... "रक्त वाहतंय आणि पितरांच्या पाण्याला हात लावतोस? ऊठ म्हणतो ना." उठलो. म्हणजे बघा, ज्या कवटीमुळे बसता येणार नाही म्हणून मी एवढं सगळं केलं, ती तशीच बसली असती मुकाट्यानं, पण ती काढायच्या जखमेमुळे मला उठवलं! भर घाटावर! सगळे गुरुजी बघतायत! आणि अण्णांनी, ज्यांना वाकता येत नाही, त्यांनी वाकून पळी उचलली, पुसली, दुसरं पाणी घेतलं आणि स्वतः घालायला सुरुवात केली. गुडघ्यांचा आवाज आला मला. तो आवाज अजून येतो.

मृण्मयी पायऱ्यांवर उभीच होती. तिनं कोपरावर बघितलं. लाली रेघेच्या कधीच पुढे गेली होती, आणि आता तिच्यातून एक लाल ओळ दंडावरून वर काखेकडे निघाली होती. तिनं रिक्षा थांबवली. मी सोवळ्यात, उघडा, ताप, दात वाजतायत, आणि रिक्षा कुठे अडकावी? द्वारका चौकात! चारही बाजूंनी वाहनं, ट्रकचा ट्रकला हॉर्न, पोलीस शिट्टी फुंकतोय, रिक्षावाला म्हणतो, "आता काय खरं नाय, बसा निवांत." मृण्मयी माझ्या दंडावर बोट ठेवून बसलेली, ओळ कुठपर्यंत आली बघत. एक चकार शब्द नाही. मी म्हटलं, बोल ना काहीतरी, तरी मी म्हणत होते असं तरी म्हण. ती म्हणाली, "ते मी तू बरा झाल्यावर म्हणणार आहे. रोज." आणि समोर बंटीचं दुकान! अडकलोय कुठे, तर बरोबर त्याच्या दुकानासमोर! त्यानं बघितलं, धावत आला, रिक्षात डोकावला, हात बघितला, तोंड पांढरं. आणि काय म्हणाला असेल? "भाई... तू हळद नाही लावलीस का?" मृण्मयीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पोलिसाला जाऊन भिडला आणि आमची रिक्षा काढून दिली. एवढं एक काम आयुष्यात नीट केलं त्यानं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, निकिता नाव, माझ्याहून लहान असतील. बँडेज सोडलं, हात दिव्याखाली घेतला. "काय काय लावलंत?" मी सांगायला लागलो. क्रीम. मीठ. लिंबू. तारेची घासणी. बिब्बा. त्या लिहीत होत्या, बिब्ब्याला पेन थांबलं. "घरात फिनेल संपलं होतं का?" म्हणाल्या. मग आवाज बदलला. म्हणाल्या, "हे वर चढतंय. उद्या आला असतात ना, तर आपण हाताबद्दल बोलत नसतो." सलाईन, इंजेक्शनं, मेलेली कातडी कापून काढणं... ते नको. ते ऐकवत नाही आणि मला सांगवत नाही.

संध्याकाळी अण्णा आले. ओलं सोवळं तसंच, जिना चढून आले हो ते, त्या गुडघ्यांनी. आई मागे, पदर तोंडाला. मी म्हटलं आता संपलं. आणि मी सगळं सांगून टाकलं, गोवा, बंटी, गॉगल, चिरूट, गच्ची, टाकी, कोळंबी, सगळं. रडत रडत. म्हटलं, अण्णा, रंगनाथरावांनी आईच्या पाण्यावर ती हसणारी कवटी बघितली असती तर काय वाटलं असतं त्यांना!

अण्णा म्हणाले, "अरे मूर्खा, त्या माणसानं गेल्या वर्षी स्वतःच्या हातानं आईची राख सावडली. तो या तुझ्या गॉगलवाल्या खेळण्याला भिणार होता? माझ्यासमोर जो जो बसतो ना, तो खरी कवटी बघून आलेला असतो." आणि चष्मा काढून पुसत म्हणाले, "एकदा विचारायचंस तरी मला." एवढंच. मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. खरंच सांगतो.

हात वाचला. बोटं हलतात. जखम भरायला बरेच महिने गेले. गॉगल गेला, चिरूट गेला, त्या जागी आता जाड, गुलाबी-काळी, चकाकणारी, वेडीवाकडी कातडी. आणि खाली जबडा! जबडा तस्साच! शाबूत! सगळे दात! म्हणजे अजूनही... जाऊ दे.

आता बसतो मी. अण्णांच्या शेजारी, आसनावर, पाणी मीच घालतो. आणि काय होतं, सांगू? यजमान हात पुढे करतात. माझा हात बघतात. आणि हात मागे! कवटीला नाही हो, त्या कातडीला! "गुरुजी, हे... कोड आहे का?" "गुरुजी, लागट नाही ना काही? बरोबर लहान लेकरू आहे." एका बाईंनी तर पर्समधून सॅनिटायझर काढलं! कवटी जशीच्या तशी असती, तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. आता प्रत्येकाला भीती. आणि अण्णांचं आपलं काम सरळ असतं. मागे घेतलेल्या हातावर त्यांचा कधी राग नसतो. ते आपले रोज, प्रत्येक यजमानाला, भर घाटावर, खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, विधीतलंच एक वाक्य असल्यासारखं सांगतात, "उजवा हात पुढे करा. घाबरू नका, मुलाला रोग नाही. तिथे कवटी होती, यानं ती घरी बिब्ब्यानं काढायला बघितली, निघाली नाही. हं. म्हणा, ॐ केशवाय नमः."